गुलाबी पट्टी

सकाळी सव्वानऊला दुरुस्तीवाल्याने दुकानाचे शटर उचलले, टेबलावरची धूळ बाहीने पुसली, दिवा खाली ओढला आणि माझ्या सहाही तारा एकेक करून कापल्या. मित्रांनो, मी एक जुनी, स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार आहे. माझे अंग प्लायवूडचे. लाल रंग मनगट टेकते तिथे पार उडालेला. त्या दिवशी मी सुटी होणार होते. मान एका गिटारला, बटणे दुसरीला, उरलेली मी भंगारात.

कारखान्यात माझ्या शेकडो बहिणी अगदी माझ्यासारख्याच होत्या. वेगळेपण मला दिले ते माझ्या पहिल्या मालकिणीने. ती सतरा वर्षांची होती. तिचे वडील दातांच्या कवळ्या बनवीत. एकदा मी खुर्चीवरून पडले आणि मानेच्या टोकाला तारा खाचांत धरून ठेवणारी पांढरी पट्टी तुटली. तिने वडिलांच्या डब्यातला कवळीचा गुलाबी मसाला घेऊन नवी पट्टी घडवली, कानशीने खाचा पाडल्या. तिसरी खाच मात्र केसभर सरकली.

"हिला हिरड्या बसवल्यास की काय!" वडील पोट धरून हसले. "आता दातही लाव, म्हणजे नीट गाईल तरी."

पुढे वडील अंथरुणाला खिळले. कवळ्या बनवायला त्यांच्या टेबलाशी ती बसली आणि मी तिच्या मैत्रिणीकडे गेले. मग आणखी कितीतरी हात, एका शाळेची अडगळीची खोली, एका कपाटाची मागची बाजू. प्रत्येकजण त्या खाचेवर चरफडला. ही गुलाबी पट्टी आली कुठून, असे मात्र कोणी विचारले नाही. मला एवढेच कुतूहल असे, की ती वाकडी खाच माझ्या पहिल्या मालकिणीला आठवत असेल का?

दुरुस्तीवाल्याने पट्टी उचकटून बाजूला ठेवली, तोच एक पिकल्या केसांची बाई डबी घेऊन आली.

"काका, तुमची नवी कवळी. लावून बघा."

त्याने तोंड उघडले, मिटले. "डावीकडे टोचतंय गं." आणि कवळी काढून तिच्या हातात दिली.

ती पिशवीतली कानस काढून कवळी घासू लागली. तेवढ्यात तिची नजर टेबलावर गेली. "जुनी कवळी फुटली वाटतं?"

"छे! ते या गिटारचं. कुणीतरी दीडशहाण्यानं बसवलंय. खाचसुद्धा वाकडी."

तिने पट्टी उचलली. तिसऱ्या खाचेवरून नख फिरवले. पुन्हा फिरवले. मग माझा उडालेला रंग पाहिला आणि मनगट तिथेच टेकवले.

"काका, ही मोडू नका. मला द्या."

"घेऊन जा बाई," तो बोळक्या तोंडाने म्हणाला. "माझे दात तुझ्या हातात आहेत, नाही कसं म्हणू? पण थांब, हाडाची चांगली पट्टी बसवून देतो. ही टाकू."

मित्रांनो, मी श्वास घेत असते तर तो तेव्हा रोखला असता. अशी पट्टी ती आता डोळे मिटून बिनचूक घडवू शकली असती. जुन्या वस्तूतली चूक सुधारण्यापूर्वी ती कोणाच्या हातची आहे, एवढे तुम्हीही विचारत जा.

"राहू द्या हीच," ती म्हणाली. "बाबा हसले होते ते या पट्टीलाच."

तिने त्याची कवळी घासून पुरी केली, कानस पिशवीत ठेवली. मग गोंदाचे दोन थेंब लावून गुलाबी पट्टी माझ्या मानेवर बसवली आणि गोंद सुकेपर्यंत अंगठ्याने दाबून धरली.