थंडा गोटा

जनावराच्या अंगाची ऊब टिपून ते अंधारातही दाखवणारी दुर्बीण निवडायचं काम २००७ च्या जानेवारीत वनपाल कुलदीप रामटेकेकडे आलं, कारण माहितीपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचणारा शहाणा तो एकटाच होता. चंद्रपूरच्या कडाक्याच्या थंडीत त्यानं चार दुर्बिणी कचेरीच्या कुत्र्यावर रोखल्या आणि ज्यात कुत्रा दिव्यासारखा उजळला, ती पसंत केली. वर सहकाऱ्यांना तासभर व्याख्यानही झोडलं.

मे महिन्यात राजुऱ्याकडे माणसं मारणाऱ्या वाघाला बेशुद्ध करायला तो तळ्याकाठच्या मचाणावर बसला. सोबत त्याच तळ्यात मासे धरणारा मनसाराम होता. दिवसभर सत्तेचाळीस अंशांत भाजलेले दगड रात्रीही धगधगत होते, त्यामुळे दुर्बिणीत अख्खं रान पांढरंफटक दिसत होतं. कुलदीपनं घाम पुसत तीस वाघ मोजले. त्यातला एकही हलेना.

मनसारामनं दोनदा काठाकडे बोट केलं. तिथं दुर्बिणीत एकच काळा ठिपका होता.

"तो थंडा गोटा हाये, भाऊ," कुलदीप फणकारला. "वाघ गरम राह्यते. माहा अभ्यास हाये ना!" आणि त्यानं बंदूक सगळ्यात पांढऱ्या दगडावर रोखली.

मनसाराम चांदण्यात नुसत्या डोळ्यांनी पाहत होता.

"साहेब, उन्हाळ्यात वाघ पाण्यात बसून थंडा राह्यते," तो हळूच म्हणाला. "तुमचा गोटा आता आंग झटकून चालला."