हळदीची गाडी, कुंकवाची गाडी

दिगंबरराव वझलवारांनी सरकारी नोकरी सोडायचं ठरवलं आणि प्रेमलताबाईंनी ती सोडू द्यायची नाही असं ठरवलं. दोघांनी एकाच चहाच्या वेळी ठरवलं, त्यामुळे चहा निवला.

दिगंबरराव केंद्र सरकारच्या हिशेबतपासणी खात्यात होते. नागपूरहून बदली होऊन कलकत्त्याला आले, ते बालीगंजच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत. नोकरी पेन्शनीची, साहेब सभ्य, पंखा चालू. असल्या माणसाला बिघडवायला फार काही लागत नाही. त्यांना मनोहर नाडगौडा पुरला.

नाडगौडा मुंबईहून आला होता आणि त्याच्याजवळ 'मोटोजीवन' होतं. पिवळ्या डब्यातलं दाट, काळपट औषध. इंजिनाच्या तेलात एक डबा ओतायचा, बस. झिजलेलं इंजिन भरून येतं, धूर थांबतो, पेट्रोल कमी लागतं. अख्ख्या पूर्व भारताची एजन्सी तो दिगंबररावांना द्यायला निघाला होता. पण सरकारी नोकराला धंदा करता येत नाही. म्हणून सोमवारी राजीनामा.

"तेल म्हणजे इंजिनाचं रक्त, वहिनी," नाडगौडा बशीतला चिवडा संपवत म्हणाला. "आणि मोटोजीवन म्हणजे रक्तातला च्यवनप्राश."

"एक विचारू?" प्रेमलताबाई म्हणाल्या. "ही तेल करणारी मंडळी एवढे मोठे कारखाने काढून बसली आहेत. एक डबा घालून इंजिन भरून येतं, तर तो डबा ते आधीच का नाही घालत?"

नाडगौडाने चिवड्यातला शेंगदाणा शोधला. "त्यांना सुचलं नाही."

"आणि तुम्हाला सुचलं."

"जर्मनीत एकाला सुचलं. मी फक्त भेटलो त्याला."

"अगं प्रेमा, तू कशाला इंजिनात पडतेस?" दिगंबरराव म्हणाले.

"तुम्ही पेन्शनीतून पडताय म्हणून. आधी सिद्ध करा. उद्या रविवार आहे. औषध लागू पडलं तर सोमवारी तुमचा राजीनामा मी स्वतः पाकिटात घालून देते. नाही पडलं तर नाडगौडा भावजी मुंबईला आणि तुम्ही ऑफिसला."

बाई लग्नाआधी अमरावतीच्या शाळेत शास्त्र शिकवायच्या. शास्त्र सुटलं होतं, शिकवणं सुटलं नव्हतं.

परीक्षेची सोय गल्लीतच होती. साहेब लोक विलायतेला परत गेले तेव्हा एका ज्यूट कंपनीने आपल्या दोन गाड्या विकून टाकल्या. दोन्ही काळ्या, एकाच सालातल्या, एकाच रस्त्यावर झिजलेल्या. एक दिगंबररावांनी घेतली आणि दुसरी समोरच्या दत्तात्रय पेंडश्यांनी. पेंडसे इथेच जन्मलेले, तीन पिढ्यांचे कलकत्तेकर. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत आणि मराठी बोलताना मध्येच 'म्हणजे'ऐवजी बंगाली "माने" म्हणत. दोन्ही गाड्या सारख्याच खोकायच्या आणि सारखाच धूर सोडायच्या. गल्लीत त्यांना जुळ्या म्हणत.

"एका गाडीत औषध, दुसरीत साधं तेल," बाईंनी पेंडश्यांनाही बोलावून सांगितलं. "कुणात काय, ते फक्त मला ठाऊक. डायमंड हार्बरपर्यंत जाऊन यायचं. मागे दोन्ही गाड्यांना पांढरं फडकं बांधायचं. जिचं फडकं कमी काळं, ती गाडी चांगली."

"उत्तम," पेंडसे म्हणाले. "याला शास्त्रीय पद्धत म्हणतात."

"फडकं कशाचं?" दिगंबररावांनी विचारलं.

"तुमचं नवीन धोतर आहे ना, त्याचे दोन तुकडे केलेत मी. कापड सारखं पाहिजे."

दुपारी दोन्ही गाड्या उभ्या असायच्या त्या शेडचं दार लावून बाईंनी दोन्ही गाड्यांत ओतायचं ते ओतलं. तेल मोजायच्या सळईवरची वरची खूण येईपर्यंत, दोन्हींत सारखं. मग आपला घोळ होऊ नये म्हणून एका बॉनेटवर हळदीचं बोट लावलं आणि दुसऱ्यावर कुंकवाचं. दिगंबररावांच्या गाडीला कुंकू, पेंडश्यांच्या गाडीला हळद. आणि निर्धास्तपणे दळण आणायला गेल्या.

चूक झाली ती इथे. बंगाली घरात ती झाली नसती. त्यांनी खडूने फुली मारली असती.

बाई गेल्यावर पेंडसे आपल्या गाडीसमोर येऊन उभे राहिले. पदार्थविज्ञान बाजूला सारून त्यांच्यातला मराठी माणूस विचार करू लागला. हळद आधी लावतात, कुंकू नंतर. मान कुंकवाचा. सवाष्ण बाई औषध कुठे घालणार? कुंकवात. म्हणजे आपल्या गाडीत नुसतं तेल. उद्या अख्ख्या महाराष्ट्र मंडळात आपलं फडकं काळं म्हणून गाजणार. गाडीचं काय पाप? तिला बिचारीला का उपाशी ठेवायचं? नाडगौडाने सगळ्यांना नमुन्याचे डबे वाटलेच होते. त्यांनी एक डबा ओतला आणि झाकण लावताना गाडीला हलकेच थोपटलं.

तासाभराने दिगंबरराव शेडमध्ये आले. त्यांचं अख्खं आयुष्य दुसऱ्याच्या हिशेबावर संशय घेण्यात गेलेलं. कुंकू पाहून आधी त्यांना बरं वाटलं. म्हणजे औषध आपल्यात. मग वाटलं, प्रेमा इतकी सरळ आहे का? कुंकू पाहून आपण खूश होणार हे तिला ठाऊक. म्हणजे तिने उलटं केलं असणार. पण आपल्याला हे सुचेल, हेही तिला ठाऊक असणार. अशा वेळी खात्यात दोनदा पडताळणी करायची पद्धत असते. त्यांनी दोन डबे ओतले.

रविवारी सकाळी मिरवणूक निघाली. पुढे कुंकवाची गाडी, तिच्यात दिगंबरराव आणि प्रेमलताबाई. मागे हळदीच्या गाडीत पेंडसे. सगळ्यात मागे नाडगौडा, स्वतःच्या नव्या कोऱ्या, आकाशी रंगाच्या गाडीत.

"ऐकतेस?" दिगंबरराव म्हणाले. "आवाज ऐकतेस? सायीवरून सुरी फिरावी तसं चाललंय."

"अजून आपण गल्लीत आहोत."

"फरक गल्लीतच कळतो."

टॉलीगंज पुलापाशी पेंडसे बाजूला आले आणि काच खाली करून ओरडले, "वझलवार, माझी तर तरंगतेय."

"माझी सुद्धा," दिगंबरराव म्हणाले.

प्रेमलताबाईंनी दोघांकडे पाहिलं. एकीत औषध आणि दोन्ही तरंगतायत. शास्त्रात घाई करत नाहीत.

बेहाला येईपर्यंत इंजिनं तापली आणि गाड्या धूर सोडू लागल्या. आधी निळा. मग पांढरा. मग असा, की ट्रामच्या कंडक्टरने घंटा वाजवून ट्राम थांबवली आणि खाली उतरून रूळ आहेत ना ते पाहिलं. रस्त्याकडेला मासे विकणाऱ्या बायकांनी टोपल्यांवर पदर धरले. एकीने सगळ्या मराठी जातीचा बंगालीतून उद्धार केला. पेंडश्यांना तो सगळा समजला, पण त्यांनी भाषांतर केलं नाही.

बाजाराच्या ऐन मध्यावर कुंकवाची गाडी दोनदा ढेकर देऊन थांबली. मागून हळदीची आली, तिनेही तसंच केलं. जुळ्याच त्या.

धूर विरला तेव्हा भोवती अर्धं बेहाला जमलेलं होतं. फडकी पाहायचा प्रश्नच नव्हता. दोन्ही तुकडे इतके काळे झाले होते, की धोतर होतं हे फक्त दिगंबररावांनाच सांगता आलं असतं.

प्रेमलताबाईंनी बॉनेट उघडलं आणि सळई बाहेर ओढली. तेल खुणेच्या पार वर, जवळजवळ मुठीपर्यंत. पेंडश्यांच्या गाडीतही तेच.

"मी खुणेपर्यंत ओतलं होतं," बाई म्हणाल्या. "वरचं कुणाचं?"

पेंडसे ट्रामकडे पाहू लागले.

"भावजी."

"एकच डबा, वहिनी. मला वाटलं, हळद म्हणजे नुसतं तेल."

"औषध हळदीतच होतं. आणि तुम्ही कॉलेजात शिकवता."

"कॉलेजात हळद नसते."

"अहो, तुम्ही?"

दिगंबररावांनी चष्मा पुसला. "दोन. पडताळणीसाठी." आणि लगेच सावरून म्हणाले, "पण प्रेमा, यातून औषधाचा दोष सिद्ध होत नाही. तेल जास्त झालं, इंजिनात मावलं नाही, जळलं, प्लग काळे पडले. मोटोजीवन अजून निर्दोष आहे."

"बरोबर बोललात," बाई म्हणाल्या. "तुमच्या गाडीत मी औषध घातलंच नव्हतं, तरी ती गल्लीत सायीवरून चालत होती."

"ती माझ्या दोन डब्यांमुळे."

"आणि धूर?"

"तोही. म्हणजे, तो वेगळ्या कारणाने."

नाडगौडा पुढे आला. "वहिनी, दिगंबरराव म्हणतात ते खरं आहे. प्रमाण चुकलं. आज परीक्षा झालीच नाही असं समजा. राजीनामा उद्या देऊन टाकू, परीक्षा सावकाश घेऊ."

"सावकाश कशाला? आत्ता घेऊ," प्रेमलताबाई म्हणाल्या. त्यांनी आपल्या गाडीच्या डिकीतला शेवटचा पिवळा डबा काढला आणि पदर खोचला. "चांगली गाडी एकच उरली आहे. तुमची. तिचं तेल बरोबर खुणेवर असेल. त्यातलं थोडं काढून घेऊ आणि हे घालू, प्रमाणात."

नाडगौडा हसला. मग बाई चालायला लागल्या तेव्हा हसायचा थांबला.

"माझी गाडी नवी आहे, वहिनी. तिला गरज नाही."

"च्यवनप्राश तरण्यालाही चालतो."

"तसं नाही. कंपनीने सांगितलंय, तेलात दुसरं काही घालू नका म्हणून. इंजिनाची हमी जाते."

"कोणत्या कंपनीने?"

"गाडीच्या."

"मग आमच्या गाड्यांच्या कंपनीने काय सांगितलं असेल?"

बाई आणखी जवळ आल्या. नाडगौडाने दोन्ही हात पसरले आणि बॉनेटवर आडवा झाला. घरात शिरलेल्या गाईपासून माणूस देवघर वाचवतो तसा. "वहिनी, हे उगाच इंजिनात नको. काय माहीत काय होईल ते."

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. दिगंबररावांच्या आधीच आलं होतं. ते शांतपणे उभे राहून त्याच्याकडे पाहत होते. खात्यात एखाद्या बिलावर दोन निरनिराळ्या शाया दिसल्या की ते असेच पाहायचे.

"नाडगौडा," ते म्हणाले, "तुम्ही कधी घातलंय हे तुमच्या गाडीत? आधीच्या? कुठल्याही?"

"विकणाऱ्याने घालायचंच असतं असं नाही, दिगंबरराव. खानावळवाला घरी जेवतो."

इतक्यात गर्दीतून एक जाडजूड गृहस्थ पुढे आले. विटांच्या लॉरीचे मालक, घोषबाबू. त्यांनी सगळा धूर पहिल्यापासून पाहिला होता आणि ते भारावले होते.

"दादा, ये दवा कहाँ मिलता?" त्यांनी दिगंबररावांना विचारलं. "कितना मैला बाहर निकाला. बाप रे. मेरा लॉरी का पेट भी साफ होना चाहिए."

मागून दोन टॅक्सीवाले म्हणाले, त्यांनाही पाहिजे.

नाडगौडा बॉनेटवरून उठला. त्याच्या तोंडावर रंग परत आला. त्याने दिगंबररावांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "बघितलंत? एका धुरात तीन गिऱ्हाइकं. औषध चालतं की नाही हा आपला प्रश्नच नाही. ते विकलं जातं. उद्या राजीनामा द्या, परवा या बाजारात दुकान टाका."

प्रेमलताबाई ऐकत होत्या. त्यांच्या हातात अजून तो डबा होता, पण त्या पुढे झाल्या नाहीत. आता परीक्षा गाडीची राहिली नव्हती आणि या पेपरात त्यांना उत्तर सांगता येणार नव्हतं.

दिगंबरराव घोषबाबूंकडे वळले. "दादा, मत लीजिए," ते नागपुरी हिंदीत म्हणाले. "ये काम करता है या नहीं, मुझको मालूम नहीं. इसको भी मालूम नहीं."

"दिगंबरराव," नाडगौडा कळवळून म्हणाला, "एजंटाने असं बोलायचं नसतं."

"म्हणून तर मी एजंट होणार नाही."

घोषबाबूंनी त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. जो माणूस 'घेऊ नका' म्हणतो त्याच्याकडे माल नक्की अस्सल असतो, हे ते विटांच्या धंद्यात शिकले होते. सगळा माल स्वतःसाठी ठेवतोय लेकाचा. त्यांनी नाडगौडाकडूनच चार डबे घेतले आणि तिथल्या तिथे लॉरीत ओतले. इंजिन सुरू व्हायच्या आधीच ते म्हणाले, "फार्स्ट क्लास. एकदम मक्खन."

एवढ्या आनंदात माणूस उदार होतो. दोन्ही जुळ्या गाड्या त्यांनी दोराने लॉरीला बांधल्या, एकीमागे एक, आणि बालीगंजपर्यंत ओढून न्यायचं कबूल केलं. नाडगौडा टॅक्सीवाल्यांना घेऊन चहाच्या दुकानात शिरला होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

लॉरी निघाली. तिचा धूर दिगंबररावांच्या काचेवर येऊ लागला. ते सुकाणू सरळ धरून बसले होते. ओढलेल्या गाडीत दुसरं काही करता येत नाही. मागून पेंडसे हॉर्न वाजवत होते. तेवढंच त्यांच्या गाडीचं चालू होतं.

टॉलीगंज पूल मागे गेला.

"धोतर नवीन होतं," दिगंबरराव म्हणाले.

"दुसरं घेऊ. उद्या डबा किती वाजता देऊ?"

"नेहमीच्या वेळी," दिगंबरराव म्हणाले आणि धुरातून रस्ता दिसतो का ते पाहू लागले.