येत नसेल तर गप्प बसायचं

"लेकरासमोर ते घोकणं बंद कर बाई. पाठ तू करायलीस अन् व्हायलंय पोरीला," असं सुभद्राबाईंनी सुनेला दिवाळीतच सांगितलं होतं. रुपालीने ते मेथी निवडता निवडता ऐकलं आणि काड्यांबरोबर बाजूला टाकलं. वर म्हणाली, "बरंच आहे की आत्याबाई, दोघी मिळून पास होऊ."

रुपाली तशी बेफिकीर बाई नव्हे. दिव्याला शिंक आली तरी ती आधी पंख्याची, मग खिडकीची, मग समोरच्या बांधकामाची चौकशी लावायची. गॅस बंद केलाय का, हे बघायला अर्धा जिना उतरलेली परत वर यायची. पण सरकारी नोकरीच्या परीक्षेचं पुस्तक तिच्या भीतीच्या यादीत कधी आलंच नाही. पुस्तकाने कुणाला काय होतंय?

तरी अभ्यासाची रीत सासू-सुनेने मिळूनच बसवली होती. रुपाली पोळ्या लाटायची आणि सातवी शिकलेल्या सुभद्राबाई प्रश्नसंच मांडीवर घेऊन खणखणीत आवाजात विचारायच्या. "राज्यपालांची नेमणूक कोण करतं? मुख्यमंत्री, राष्ट्रपती, विधानसभा, वरीलपैकी एकही नाही." उत्तर बरोबर आलं की वाटीत एक फुटाणा. चुकलं की वाटीतला एक परत डब्यात, कारण त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापतात. शेवटी वाटीत उरेल ते दिव्याचं.

त्यामुळे साडेतीन वर्षांच्या दिव्याचा भारताच्या राज्यघटनेत थेट हितसंबंध तयार झाला. ती ओट्याखाली वाटी धरून बसायची. आई अडखळली की वाटीवर हात ठेवून म्हणायची, "येत नसेल तर गप्प बस ना आई."

रुपालीचा नवरा ज्ञानेश महाळुंग्याला एका कंपनीत लाइन सुपरवायझर. आठवड्याला शिफ्ट बदलायची, त्यामुळे घरात तो असला तरी बहुधा झोपलेला असायचा. त्याने स्पष्टच सांगितलं होतं, "थेरगावच्या शाळेत दिव्याला नर्सरीत घेतलं तर सकाळ तुझी, बस अभ्यासाला. नाही घेतलं तर पुस्तकं माळ्यावर. पोरीच्या मागं दिवसभर कोण पळणार? आईचे गुडघे बघ." रुपालीला ते पटलं होतं, म्हणूनच तिची झोप उडाली होती. तिचा सगळा अभ्यास आता दिव्याच्या तोंडाकडे बघत होता.

शाळेने त्या दिवसाला 'ओळख-भेट' म्हटलं होतं. पालक मात्र निकाल लागायचा असल्यासारखे बसले होते. रुपालीने दिव्याच्या केसांना इतकं तेल लावलं होतं की पोर ट्यूबलाइटखाली चमकत होती. ज्ञानेश रात्रपाळी उरकून कंपनीच्या शर्टातच आला होता.

आत मिनल मॅडम होत्या. प्रेमळ बाई. त्यांनी सुरुवातीलाच दिव्याच्या हातात एक चॉकलेट ठेवलं. "हे तुझं. आता सांग, नाव काय बाळा?"

दिव्याने मूठ आवळली.

मॅडमनी चित्र दाखवलं. "हे कोणतं फळ?"

दिव्या गप्प.

"अगं, घरी हिचं तोंड मिटत नाही," ज्ञानेश रुपालीच्या कानाशी पुटपुटला.

"बरं, फळ कोणतं आवडतं तुला?"

"पर्याय सांगा," दिव्या म्हणाली.

मॅडमनी पुढची चित्रं चाळली. "सफरचंद, केळं, द्राक्षं."

"वरीलपैकी एकही नाही." एवढ्याची तिला खात्री होती.

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. पेन कुठल्या बाजूला वळतंय हे रुपाली मान लांब करून बघत होती. 'होय'ला इतका वेळ लागत नाही, असं तिला वाटलं. माळ्यावर पुस्तकं कुठल्या कोपऱ्यात मावतील हेही डोक्यात येऊन गेलं. मग तिचं लक्ष दिव्याकडे गेलं. पोर चित्राकडे बघत नव्हती, मॅडमकडेही नाही. स्वतःच्या मुठीकडे बघत होती.

रुपाली वाकली. "दिव्या, इथे गुण कापत नाहीत. चुकलं तरी चॉकलेट तुझंच."

दिव्याने मॅडमना विचारलं, "खरंच?"

"खरंच," मॅडम म्हणाल्या. कशाला होकार दिला ते त्यांना ठाऊक नव्हतं.

घरातला दुसरा नियम असा होता, की गुण कापणार नसतील तर एकही प्रश्न सोडायचा नाही, उत्तर येवो न येवो.

"नाव?"

"दिव्या."

"शाब्बास. बाबांचं नाव काय?"

"शुद्धोदन."

मॅडमनी अर्ज बघितला, मग ज्ञानेशला बघितलं. ज्ञानेशने गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र सरळ करून त्यांच्याकडे वळवलं.

"ते गौतम बुद्धांच्या वडिलांचं आहे," रुपाली घाईने म्हणाली. "आमच्याकडे तो प्रश्न रोज असतो."

"सकाळी उठून काय करतेस?"

"पुरंदरचा तह."

"आणि घरी कोण कोण असतं?"

"लोकसभा आणि राज्यसभा. लोकसभा बरखास्त होते. राज्यसभा होत नाही."

"राज्यसभा म्हणजे आमची आई असावी," ज्ञानेश हळूच म्हणाला. रुपालीने टेबलाखालून त्याच्या बुटावर पाय दिला.

दिव्याला आता रंग चढला होता. तिने खुर्ची पुढे ओढली. "आता तुम्ही. राज्यपालांची नेमणूक कोण करतं?"

मॅडमनी तोंड उघडलं आणि मिटलं. छताकडे बघितलं. दिव्याने टेबलावरून हात लांब करून त्यांचा हात थोपटला. "येत नसेल तर गप्प बसायचं. मी पण तेच केलं."

मॅडम चष्मा काढून हसल्या. पुष्कळ वेळ हसल्या. एकटी रुपाली हसली नाही.

घरी परतताना काळेवाडीच्या सिग्नलला तिने गाडीवर मागून विचारलं, "त्या कशा हसल्या हो? चांगल्या हसल्या का?"

"हसल्या म्हणजे हसल्या."

"तसं नसतं. आधी हसतात, मग 'कळवतो' म्हणतात."

शाळेने खरंच कळवलं. जूनपासून पाठवा, आणि तोवर घरी जरा गाणीबिणी म्हणा. सुभद्राबाईंनी फुटाण्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "दिवाळीत बोलले होते मी."

पण फळीवरचा डबा स्टुलावर चढून काढता येतो, हे दिव्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

आज रुपालीचा पेपर आहे. ज्ञानेशला ओव्हरटाइम लागलाय, त्यामुळे दिव्या आणि सुभद्राबाई दोघीच घरी. केंद्राच्या दारात मोबाइल जमा करण्याआधी रुपालीने घरी फोन लावला. उचलला दिव्याने.

"आजीला दे."

"आजी आत्ता येणार नाही. तिचे सगळे गुण कापलेत, उठायचं नाही तिने."

मागून सुभद्राबाईंचा आवाज आला, "अगं भवाने, महानुभाव पंथ मला काय ठाऊक? पायाला मुंग्या आल्यात, उठू तर दे..." आणि फोन बंद झाला.

परत लावायच्या आत रखवालदाराने मोबाइल पिशवीत टाकला. आता पेपर सुटेपर्यंत रुपालीला काही कळणार नाही. तेव्हा तिची एक विनंती आहे. रहाटणीत असाल, तर पिठाच्या गिरणीवरच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवा. सुभद्राबाई उठल्यात का, पाणी प्यायल्यात का, एवढं बघा. दार दिव्याच उघडेल आणि आधी एक प्रश्न विचारेल. येत नसेल तर गप्प बसा, पण आत जा.