उभ्यानं घेतलेलं माप

“तुझं नाव काय गं?” मोठ्या बाईंनी गुडघ्यांवर हात टेकून, खाली वाकत विचारलं, आणि मुलीनं तोंड उघडायच्या आत तिच्या आईनं नाव सांगून टाकलं.

“बरं. आणि वय किती तुझं?”

“साडेतीन,” आई म्हणाली.

“काय काय आवडतं? गाणी? घसरगुंडी?”

“तिला गोंगाट आवडत नाही. एकटी खेळते ती.”

मोठ्या बाई सरळ उभ्या राहिल्या. बाई अंगानं भरभक्कम, गळ्यात शिट्टी, आवाज असा की भिंतीपलीकडच्या माणसानं दचकावं. त्यांच्या मागे चाळीसेक पोरं कर्ण्यातून येणाऱ्या गाण्यावर उड्या मारत होती. दोघं भोकाड पसरून रडत होते. लाल पिना लावलेली एक पोरगी टेबलाखाली जाऊन बसली होती, आणि कुणाचंच कुणाकडे लक्ष नव्हतं. मुंगी आईच्या मांडीवर हूं की चूं न करता बसली होती. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून घरात तिला मुंगी म्हणायचे, आणि नाव पुढंही चालू राहिलं.

“घुमी आहे थोडी,” मोठ्या बाई हसून म्हणाल्या. “हरकत नाही. चार पोरांत पडली की होईल मोकळी. आठ दिवस सोडा आमच्याकडे.”

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही आग तिला नवीन नव्हती. गेल्या दोन महिन्यांत तिसऱ्या बालवाडीत तिसऱ्यांदा ती पेटली होती.

“मोकळी व्हायला तिला काय बांधून ठेवलंय?” ती म्हणाली. “दोन मिनिटं बघितलंत आणि घुमी म्हणून मोकळ्या झालात! ती टेबलाखाली बसलीय ना, तिच्याकडे बघा आधी. मग माझ्या मुलीचं बोला.”

तिनं मुंगीला कडेवर उचललं आणि उत्तराची वाट न बघता ती बाहेर पडली. फाटकापाशी मुंगीनं मान वळवून मागे पाहिलं, तेव्हा आईला वाटलं, घाबरलंय लेकरू. तिनं तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं.

ही शाळा घराच्या अगदी मागे होती, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. सकाळी साडेआठला कर्णा सुरू व्हायचा. आपल्या कामाच्या सुट्टीला आई घरी असली की पहिल्या ओळीलाच उठून खिडकी लावायची, काच हादरेल अशी.

घरात शिरताना ती कशाला तरी अडखळली. दारातच तिचा जुना बूट पडला होता.

“हा बूट रोज दारात कोण आणून टाकतं?” ती ओरडली. “किती वेळा उचलून ठेवायचा मी?”

नवरा इस्त्री करत होता. त्यानं मान वर केली नाही, म्हणजे त्याच्या मते तो सुटला. मुंगीनं जमिनीकडे पाहिलं. सासूबाई ओले हात पुसत बाहेर आल्या.

“काय म्हणाल्या शाळेतल्या बाई?”

“घुमी म्हणाल्या.”

“अगं, बोलण्याची पद्धत असते एकेकाची. जवळ आहे शाळा. पोरांत रमेल ती.”

“तुम्हाला काय जातंय म्हणायला! मुलगी माझी आहे, आई. तिला काय झेपतं ते मला कळतं.”

सासूबाईंनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. तीस वर्षं त्यांनी इस्पितळात नर्सचं काम केलं होतं, भडकलेल्या नातेवाईकांसमोर गप्प बसायची त्यांना सवय होती. नेमकी तीच सवय सुनेला सहन होत नसे. भांडायला समोर कुणी नसलं की राग जातो कुठं? तो आपल्याच अंगात फिरत राहतो.

आणि तिच्या रागाला कारण होतं. चार वर्षांची असताना तिला अशाच एका शाळेत, अशाच एका शिट्टीवाल्या बाईंच्या हाती सोपवलं होतं. पहिल्याच दिवशी तिचा फ्रॉक ओला झाला. कुणाला सांगायचं ते न कळून ती दुपारपर्यंत कोपऱ्यात तशीच उभी राहिली. चाळीस पोरं समोरून नाचत गेली, कुणाला दिसलं नाही. घरी आल्यावर तिचे वडील म्हणाले होते, होईल सवय. सवय झाली नाही. तो ओला फ्रॉक ती अजून विसरली नव्हती, आणि आपल्या मुलीच्या अंगावर तो येऊ द्यायचा नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.

चौथी बालवाडी तिला हवी तशी सापडली. बसनं अर्धा तास लागायचा, पण खोल्या दोनच आणि मुलं आठ. खुर्च्यांच्या पायांना जाड कापड चिकटवलेलं, म्हणजे सरकवताना आवाज नको. चालवणाऱ्या बाई जाड चष्म्याच्या आणि हलक्या आवाजाच्या. त्यांनी मुंगीला एकही प्रश्न विचारला नाही. आईच्या हातात फक्त तीन पाकिटं दिली.

“घरात मुलाबरोबर राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसानं एकेक कागद भरायचा,” त्या म्हणाल्या. “आपापला. एकमेकांना दाखवायचा नाही. पाकीट चिकटवूनच आणा.”

कागदाच्या माथ्यावर छापलं होतं: मूल कसं आहे ते लिहू नका. दिवसभरात काय करतं ते लिहा.

आईला ती शाळा फारच आवडली. तिनं त्याच संध्याकाळी दोन्ही बाजू भरून लिहिलं. शांत आहे, भिडस्त आहे, मोठ्या आवाजानं बावरते, गर्दीत आक्रसते, मनाला फार लावून घेते. माथ्यावरची सूचना तिनं वाचली होती. पण तिला वाटलं, एवढं नेमकं लिहिल्यावर आणखी काय हवं? नवऱ्यानं चार ओळी लिहिल्या, त्यातल्या दोन झोपेबद्दल. सासूबाईंनी मात्र तीन दिवस घेतले. चष्मा लावून, डाव्या हाताचा आडोसा करून त्या रोज थोडं थोडं लिहायच्या.

“एवढं काय लिहितेयस गं आई?” नवऱ्यानं विचारलं.

“मला दिलाय ना कागद? माझा मी लिहितेय.”

चौथ्या दिवशी त्यांनी पाकीट डिंकानं चिकटवलं, वरून अंगठा फिरवला आणि सुनेच्या हातात दिलं. कामावरून सुटल्यावर ती तिन्ही पाकिटं शाळेत पोचवणार होती.

ती बूट बनवायची. दुकानातले तयार बूट ज्यांना चालत नाहीत अशा लोकांचे: एक पाय आखूड असलेल्यांचे, सुजेनं पाऊल बदललेल्यांचे, बोटं वाकलेल्यांचे. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन माणसं यायची आणि ती त्यांच्या पायाशी बसून माप घ्यायची. त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ आले. खुर्चीत ऐसपैस बसून त्यांनी पाऊल पुढं केलं.

“उभे राहा,” ती म्हणाली.

“बसूनच घ्या की. दमलोय.”

“बसून घेतलेलं माप चुकतं, आजोबा. अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं, लांबतं. बसलेल्या पायाचा बूट केला तर पन्नास पावलांत चावेल तुम्हाला. मग या इथंच मला बोल लावायला!”

ती जरा चढ्या आवाजात बोलली. गृहस्थ मुकाट्यानं उठले. आराखडा काढताना तिचं अर्धं लक्ष पिशवीतल्या पाकिटांकडे होतं. तीन दिवस! कुणी कौतुक लिहायला तीन दिवस घेत नाही. घुमी लिहिलं असणार. आईनं लाडावून ठेवलीय, चार माणसांत मिसळू देत नाही, हेही लिहिलं असणार. आणि घरात बोलताना मात्र मूग गिळून बसायचं!

म्हातारे गेल्यावर तिनं दार लोटून घेतलं. जुने तळवे सुटे करायला एक गरम हवेचा झोत मारायचं यंत्र होतं, ते लावलं. डिंक सोडाच, त्या झोतापुढं तळव्याचा चिकट थरही सुटायचा. सासूबाईंचं पाकीट पाच सेकंदांत, कुठंही न फाटता उघडलं.

अक्षर तिच्या ओळखीचं होतं, गोल आणि सरळ. कागद इस्पितळातल्या नोंदीसारखा होता, डावीकडे वेळा घातलेल्या.

‘८.२५. आई कामाला जाते. दार लागतं. मुंगी दोन मिनिटं दाराकडे बघते.

८.३०. मागच्या शाळेचं गाणं सुरू होतं. खिडकी उघडायला लावते. स्टुलावर चढून सगळी गाणी म्हणते. सतरा पाठ आहेत. माझा शब्द चुकला तर मला ओरडते.

११.००. घरातल्या सगळ्या चपला रांगेत मांडते. एक चप्पल शिट्टीवाली बाई, बाकीची पोरं. आईचा जुना बूट दारात ठेवते. ती आई. बाईनं पोरांना काही विचारलं की मुंगी त्या बुटाच्या वतीनं मोठ्यानं बोलते: “तिला नका विचारू, मला विचारा.”

५.४०. जिन्यात आईची पावलं वाजतात. बोलणं थांबवते. खिडकी लावायला सांगते. चपला जागेवर ठेवते. बूट बरेचदा राहून जातो.’

खोटं, तिच्या मनात आलं. धादांत खोटं! म्हातारी काहीही रचतेय. ती कागद आपटून उठली. फळीवर पुढच्या आठवड्याचे बूट ओळीनं मांडलेले होते, तिनंच मांडलेले. पण दारात पडलेला तो जुना बूट काही म्हातारीच्या मनातला नव्हता. त्याच्यासाठी ती रोज नवऱ्यावर ओरडत होती. बुटाचं टोक कायम घराच्या आत वळलेलं असायचं, आणि ते तिच्या आत्ता ध्यानात आलं.

कागदाच्या तळाशी अजून थोडं होतं.

‘एक विनंती. हे तिच्या आईला सांगू नये. दिवसभर लोकांच्या पायांशी बसून येते, दमलेली असते. पोरीवर जीव आहे म्हणून बोलते. वाचलं तर तिला फार लागेल.’

तिला राग आला. एवढा राग तिला शिट्टीवाल्या बाईचाही आला नव्हता. सासूबाईंचा आला, कारण त्यांनी तिला भांडायला जागाच ठेवली नव्हती. मुंगीचा आला, साडेतीन वर्षांच्या पोरीनं आईसाठी खिडकी लावायची? मग तिनं स्वतःचं पाकीट झोताखाली धरलं आणि आपलाच कागद वाचला. शांत, भिडस्त, आक्रसते. दोन्ही बाजू भरल्या होत्या, आणि मुंगीनं केलेली एकही गोष्ट त्यात नव्हती. त्यात चार वर्षांची एक दुसरीच मुलगी कोपऱ्यात उभी होती.

सासूबाईंचा कागद होता तसा घडी करून तिनं परत पाकिटात घातला. डिंक सुकून गेला होता. हाताशी होतं ते तळव्यांचं चिकट द्रव्य, त्याचंच एक बोट तिनं फिरवलं. त्या दिवशी ती दोन खोल्यांच्या शाळेत गेली नाही.

घरी पोचली तेव्हा जिन्यात पावलं हळू टाकायचं तिच्या मनात होतं, पण ते काही तिला जमलं नाही. दार उघडलं तेव्हा घर गप्प होतं, चपला जागेवर होत्या, खिडकी बंद. ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिनं खिडकी उघडली.

“आता कशाला?” सासूबाई म्हणाल्या. “शाळा केव्हाच सुटली.”

“राहू दे उघडी.”

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पिशवीतून डोकावणारं आपलं पाकीट त्यांनी उचललं, नाकाशी नेलं आणि परत होतं तिथं ठेवलं.

“तुझ्या कामाचा वास येतोय याला,” त्या म्हणाल्या, आणि भांडी लावायला लागल्या.

सुनेच्या कानशिलांवर रक्त चढलं. काहीतरी बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण यावेळी शब्द सासूबाईंसारखेच तिनंही गिळले.

दुसऱ्या दिवशी तिनं उशिरा येईन असा कामावर निरोप दिला. मुंगीचा हात धरून ती बसच्या थांब्याकडे न वळता मागच्या गल्लीत वळली. मुंगी एकदम थांबली आणि आईच्या तोंडाकडे बघायला लागली. “चल,” आई म्हणाली. तो शब्दही जरा रागावूनच बाहेर पडला.

फाटकाशी मोठ्या बाई उभ्याच होत्या. त्यांनी आईला ओळखलं, हे त्यांच्या भुवयांवरून दिसलं. पण त्या आईशी काही बोलल्या नाहीत. गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या.

“आलीस? त्या दिवशी नाव नीट ऐकू आलं नाही बघ मला. काय म्हणालीस?”

आईच्या ओठांपर्यंत नाव आलं. तिनं दात ओठांवर रोवले. मुंगी वर बघत होती, आईच्या तोंडाकडे. आतून कर्णा ओरडत होता. क्षण लांबत गेला, आणि आईला कोपऱ्यात उभी असलेली ती मुलगी आठवली. अजून एक क्षण थांबले तर मीच बोलेन, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनं मुंगीचा हात सोडला. वळली, फाटकाबाहेर आली आणि भिंतीच्या आडोशाला, आतून दिसणार नाही अशी पायरीवर बसली. 

आत बराच वेळ नुसतं गाणं चालू होतं. मुंगीचा आवाज नव्हता. आई दोनदा उठली आणि दोनदा बसली. आत जावं, उचलावं, दोन खोल्यांची शाळा गाठावी. ही बाई आपल्याला काय शिकवणार! तिसऱ्यांदा ती उठली, तेव्हा गाण्याच्या वर एक आवाज चढला. बारीक, पण ठणठणीत, आणि चांगलाच चिडलेला.

“तू खाली का बसलीस? ये ना बाहेर! कुणी काही करणार नाही तुला. मी आहे ना!”

तो कुणाला रागावत होता, ते आईला न बघता कळलं. लाल पिनांची ती पोरगी टेबलाखालीच असणार. आणि तो चिडका सूर कुणाचा, हेही तिला कळलं. तो सूर तिनं आयुष्यभर आतून ऐकला होता, असा बाहेरून कधी ऐकला नव्हता.

थोड्या वेळानं मोठ्या बाई घाम पुसत फाटकाबाहेर आल्या. पायरीवर परत बसलेल्या आईला बघून त्यांनी काही टोमणा मारला नाही.

“मग,” त्या म्हणाल्या, “उद्यापासून पाठवताय?”

आईनं डोळे पुसले. 

“मला नका विचारू,” ती म्हणाली. “तिला विचारा.”