घडीचा रस्ता

मित्रांनो, जरा जपून उलगडा! मी एक म्हातारा नकाशा आहे आणि माझी कंबर मधोमध मोडलेली आहे. ती कशी मोडली, आणि तिच्यापायी एक अख्खं जंगल कसं मोडलं, तेच मला सांगायचं आहे. रडवे चेहरे करू नका हं. मला रडू नाही, राग येतो.

माझा जन्म एका जेवणाच्या टेबलावर झाला. कचेरीत माझ्या मापाचं टेबलच नव्हतं, म्हणून मोजणीबाईंनी मला घरी आणलं. मोजणीबाई म्हणजे मला काढणाऱ्या बाई. विमानातून काढलेले फोटो हातात घेऊन त्यांनी दोन वर्षं जंगल पालथं घातलं होतं. फोटोत रेघेसारखं काही दिसलं की त्या स्वतः तिथे जायच्या. कधी तो ओढा निघायचा, कधी हरणांची वाट. रस्ता मात्र एकदाही निघाला नाही.

मला रंगवायला त्यांना पाच महिने लागले. तेवढे दिवस घरातली मंडळी ताटं मांडीवर घेऊन जेवली.

"आई, तुला मी जास्त आवडते की जंगल?" त्यांची मुलगी विचारायची.

"जंगल. ते कटकट करत नाही. आणि नकाशाला हात लावलास ना, तर बघ! त्याला गुंडाळायचं असतं, घडी घालायची नसते."

माझ्या कोपऱ्यात बाईंनी खुणांची सूची लिहिली. निळी रेघ नदीची, लाल रेघ पक्क्या रस्त्याची, तपकिरी रेघ कच्च्या रस्त्याची. आणि गंमत अशी, की तपकिरी रेघ फक्त सूचीतच होती. अख्ख्या हिरव्या रंगात ती कुठेच नव्हती! तोच तर माझा तोरा होता. सहाशे बारा चौरस किलोमीटर जंगल, सलग, एकाही रस्त्याने न चिरलेलं. कचेरीचा नियम होता की पाचशेच्या वरचं सलग जंगल असेल तर ते राखायच्या यादीत जाणार. मी तर छाती फुगवूनच होतो.

एकदा एका कारकुनाने बाईंना विचारलं होतं, "सलगच कशाला हवं? मधून एक रस्ता गेला तर झाडं काय पळून जाणार आहेत?"

"तुमची चादर मधोमध फाडते," बाई म्हणाल्या. "कापड तेवढंच राहील. पांघरून झोपून दाखवा!"

सगळी कचेरी हसली. अस्वलं मात्र खरंच ती चादर पांघरून जगत होती. त्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत भटकायला लागतं, तरच पोट भरतं.

बरीच वर्षं मी पत्र्याच्या नळकांड्यात ऐटीत राहिलो. मग नवे साहेब आले. त्यांच्या ओल्या छत्रीला जागा हवी होती. माझं नळकांडं त्यांना फार आवडलं. त्यांनी मला बाहेर ओढलं, मधोमध दुमडलं, घडीवरून अंगठा फिरवला आणि कपाटात चहाच्या ट्रेखाली सारलं. कटकन् काहीतरी मोडलं. छत्री मात्र कोरडी झाली, अभिनंदन!

ट्रेमधून चहा सांडायचा आणि माझ्या घडीत मुरायचा. थोडा थोडा, रोज. माझ्या हिरव्या अंगावर एक सरळसोट तपकिरी रेघ उमटली. लक्षात आलं ना, मित्रांनो?

पुढे सगळे नकाशे कॉम्प्युटरवर चढवायची घाई सुटली. कॉम्प्युटरवाल्या दादांनी मला पसरलं, सूची वाचली आणि ते म्हणाले, "तपकिरी. म्हणजे कच्चा रस्ता." त्यांनी घडीवरून रेघ ओढली. मोजणीबाई दोन खोल्या पलीकडे बसत होत्या. बारा पावलांवर! ज्या बाई एका रेघेसाठी दिवसभर चालायच्या, त्यांना विचारायला बारा पावलं कुणी चाललं नाही.

झालं. सहाशे बाराचे दोन तुकडे पडले, एक तीनशे चाळीसचा, दुसरा दोनशे बहात्तरचा. दोन्ही पाचशेच्या आत. माझं जंगल यादीत आलंच नाही.

बाई मला घेऊन साहेबांच्या खोलीत धावल्या. "साहेब, ही घडी आहे, रस्ता नाही! वास घेऊन बघा, चहा आहे हा!"

"बाई, कॉम्प्युटर खोटं बोलतो का?"

"तो बोलतच नाही. त्याच्यासमोर बसतात ते बोलतात."

"यादी वर गेली आता. पुढच्या वेळी बघू. आणि एवढं काय हो, एका रेघेचं?"

बाईंनी तीन अर्ज केले. उत्तर एकाचंही आलं नाही. तेव्हा त्यांनी पेन्सिलीने माझ्या घडीला लागून बारीक अक्षरात लिहिलं, 'ही घडी आहे. इथे रस्ता नाही.' मला पुन्हा कुणी उघडलं तर कळावं म्हणून. कुणी उघडलं नाही.

मग रस्तेवाल्यांनी कॉम्प्युटरवरचा नकाशा मागवला. कच्चा रस्ता आहेच म्हटल्यावर तो फक्त रुंद करायचा, त्याला परवानग्याही कमी लागतात. त्यांची माणसं गेली तेव्हा तिथे नुसती झाडं होती. परत येऊन तसं सांगायचं, की झाडं पाडायची? त्यांनी झाडं पाडली. आज तिथे पट्टीने आखावा तसा सरळ रस्ता आहे. जंगलातली कुठलीच वाट इतकी सरळ नसते. चहाची असते.

पहिल्याच वर्षी त्या रस्त्यावर एक अस्वलीण ट्रकखाली गेली. बाईंनी कचेरीत ते सांगितलं. साहेब खिडकीपाशी छत्री झटकत होते. ते म्हणाले, "बघा, आहे ना तिथे रस्ता? नकाशा बरोबरच होता की!"

निवृत्त होताना बाई मला घरी घेऊन आल्या. आता मी पुन्हा त्याच टेबलावर पडून असतो, कडेला वह्या ठेवून, अंग सरळ व्हावं म्हणून. ते होत नाही.

मित्रांनो, नकाशाला घडी घालू नका. घातलीच, तर निदान त्याला काढणाऱ्या माणसाकडे बारा पावलं चालत जा. रेघ दिसली की तिथे जाऊन बघा. माझ्यावरची प्रत्येक खूण बाईंनी अशीच बघून काढली होती, आणि लिहिले गेले तेव्हा माझ्यावरचे सगळे शब्द खरे होते. आज एकच वाक्य खोटं आहे. 'इथे रस्ता नाही.'

तेही त्यांनी खरंच लिहिलं होतं.