भाडेकरूने दार उघडले

वहिनींनी ‘आला’ खोडून ‘आली’ लिहिले, क्षणभर त्याकडे पाहिले आणि तेही खोडले. कागदाला भोक पडायचे तेवढे बाकी होते.

समोर इंग्रजी कादंबरी उघडी होती. तिच्या जुन्या इंग्रज लेखकाच्या रहस्यकथा वहिनींच्या यजमानांनी, दादांनी, आयुष्यभर मराठीत आणल्या आणि लोकांनी त्या चवीने वाचल्या. ही एवढीच राहिली होती. हिच्यात खून करते ती वरच्या मजल्यावर राहणारी भाडेकरू, पण ती बाई आहे हे शेवटच्या प्रकरणापर्यंत वाचकाला कळत नाही. तो तिला पुरुष समजूनच चालतो. इंग्रजीत एक सर्वनाम टाळले की भागते. मराठीत भाडेकरूने नुसता जिना चढायचे म्हटले, तरी ‘आला’ लिहिले तर वाचकाशी लबाडी होते आणि ‘आली’ लिहिले तर बिंग फुटते.

‘हे मराठीत होणार नाही,’ म्हणून दादांनी ते पुस्तक मिटले होते. ते गेल्यावर प्रकाशकाने विचारले, तेव्हा वहिनी हो म्हणून बसल्या. आजवर दादा कच्चा अनुवाद करीत आणि वहिनी त्यातली अडखळणारी वाक्ये सरळ करून पक्की प्रत लिहीत. पुस्तकावर नाव दादांचे. याही वेळी तेच घाला, असे त्यांनी प्रकाशकाला सांगून टाकले होते.

घरात दुसरे माणूस म्हणजे नणंद. ती पोलिसांत होती. निवृत्त झाल्यावर भावाकडे राहायला आली. सगळे तिला फौजदारच म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. छापायला जाण्याआधी प्रत्येक अनुवाद तिला वाचून दाखवला जाई आणि पुस्तक निम्म्यावर येण्याआधीच ती गुन्हेगार पकडून मोकळी होई. दादा म्हणजे तिचा देव.

“दादाने जिथे हात टेकले, तिथे तू कशाला डोकं फोडून घेतेस?” ती वहिनींना म्हणाली होती. वहिनी तरीही लिहीत-खोडत राहिल्या होत्या.

त्या दुपारी मात्र जेवणे झाल्यावर फौजदार घरभर काहीतरी शोधत फिरली आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“माझा चष्मा कोणी उचलला?”

“मीच उचलला,” वहिनी म्हणाल्या आणि हातातले ताट तसेच धरून थबकल्या. उचलला. पुरुषाने उचलला असता, तरी हेच म्हटले असते. क्रियापद चष्म्याच्या मागे गेले होते. उचलणाऱ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिले नव्हते.

ताट तिथेच ठेवून त्या टेबलाकडे गेल्या. फौजदार चष्म्यासाठी मागोमाग आली, पण वहिनींची मान खाली होती. भाडेकरूने दार उघडले. भाडेकरूने ओला कोट खुंटीला अडकवला. भाडेकरूला झोप लागेना. ज्याला नुसते येता, जाता, बसता येत नाही, त्याच्या हातात सतत काहीतरी द्यायला हवे होते. तेवढे दिले की भागत होते. पण एकट्या भाडेकरूचीच वाक्ये अशी झाली, तर फौजदारला वास लागणार. म्हणून मग कादंबरीतले डॉक्टर आणि माळीही अधूनमधून तशाच चालीने वागू लागले.

पुस्तक पुरे झाल्यावर वहिनी रोज संध्याकाळी ते वाचून दाखवू लागल्या. फौजदार डोळे मिटून ऐके. डॉक्टरवर तिचा लवकरच संशय गेला आणि तिने तो शेवटपर्यंत सोडला नाही. शेवटचे प्रकरण आले. वहिनींनी आवाज जराही न चढवता वाचले, “भाडेकरू जिना उतरून खाली आली.”

फौजदारने डोळे उघडले.

“आली?”

“आली.”

तिने कागद ओढून घेतले, खिडकीपाशी नेले आणि पहिल्या पानापासून पाहायला लागली. लबाडी कुठे केली आहे ते तिला शोधायचे होते. वहिनी भाजी निवडत बसल्या. निवडलेलीच पाने पुन्हा निवडत राहिल्या. अंधारून आले, तेव्हा फौजदारने कागद नीट जुळवून टेबलावर ठेवले.

“कुठेच खोटं बोलली नाहीस.”

“नाही.”

“दादाला हे सुचलं नाही.”

“त्यांना वेळ कुठे मिळाला?”

“वेळ होता,” फौजदार म्हणाली. “सुचलं नाही.”

भावाबद्दल असे काही तिच्या तोंडून वहिनींनी कधी ऐकले नव्हते. त्यांनी उठून दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी भांडी विसळत होत्या, तेव्हा बाहेर फोन वाजला. फौजदारने तो घेतला. प्रकाशकाचा असावा; मुखपृष्ठाबद्दल काहीतरी चालले होते. पाण्याच्या आवाजात नीट ऐकू येईना. वहिनींनी नळ बंद केला.

“नाही, त्याचं नाही,” फौजदार म्हणत होती. “त्या काय म्हणाल्या ते राहू द्या. मी बहीण आहे त्याची, मी सांगते ते लिहून घ्या.”

आणि मग एखादा जबाब टिपून घ्यायला सांगावा तशी, एकेक अक्षर सुटे करत, ती वहिनींचे नाव सांगू लागली. पलीकडच्या माणसाने काहीतरी चुकवले असावे. तिने ते पुन्हा पहिल्यापासून सांगितले.

वहिनी ओल्या हातांनी तशाच उभ्या राहून ऐकत होत्या.