पाळण्याचं माप

बकुळच्या बारशाला घराची वेबसाइट केली आणि त्या दिवसापासून शाल्मलीचं घर बघणाऱ्याच्या मापाचं होऊ लागलं. बघणारा ज्या वस्तूतून बघेल, तेवढं घर. तासगावाहून अण्णांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, फोन उघडला की सांगलीतला तिसऱ्या मजल्यावरचा तो फ्लॅट अंग चोरून उभा राही. वर हॉल, त्याच्याखाली स्वयंपाकघर, त्याच्याखाली झोपायची खोली. भाजी ढवळता ढवळता बाळाकडे लक्ष द्यायचं तर शाल्मलीला ओट्यापाशी ओणवं होऊन खाली डोकवावं लागे. रॉटरडॅमला असलेल्या धाकट्या दिराची, धनंजयची, गोष्ट उलटी. त्याचा टीव्ही भिंतीएवढा. तो बघायला बसला की घर ऐसपैस पसरे, आणि गॅसवर दूध वर येताना लांबून दिसे तेव्हा ओढणी खोचून धावत सुटण्यावाचून गत्यंतर नसे.

"तुमची झोपायची खोली आमच्या देवघरातून जाते हो अधूनमधून," खालच्या शिरगावकर काकू एकदा जिन्यात म्हणाल्या. "पण आवाज नाही करत. समईची वातसुद्धा हलत नाही."

हे मात्र खरं होतं. घर इतकं उलटंपालटं होई, पण ताकाचा थेंब कधी सांडला नाही की कपाटाचं दार कधी वाजलं नाही. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोतली माणसंसुद्धा जागा कमी पडली की आपणहून दोन रांगा करत, मग तीन, ठेंगणी पुढे. शाल्मली संख्याशास्त्र शिकलेली, लग्नाआधी वर्षभर ज्युनियर कॉलेजात शिकवलेली बाई. कुठली गोष्ट नीट केलेली आहे आणि कुठली नुसती चालून जाते आहे, हे तिला लगेच कळे. हे काम नीट केलेलं होतं. ज्या बाईने केलं तिचं मनातल्या मनात कौतुक केल्याशिवाय तिचा एक दिवस जात नसे.

घोर एकाच गोष्टीचा होता. घर लहान झालं की बकुळही लहान होई. अण्णांच्या फोनमध्ये ती हळकुंडाएवढी होऊन पाळण्यात पायाचा अंगठा चोखत पडलेली असे. खुशीत असे. पण शाल्मलीचा श्वास तोवर अडकलेला. आज हळकुंड, उद्या आणखी लहान कशातून कुणी बघितलं तर? लहान होता होता पोर दिसेनाशी झाली तर तिला परत कुठून आणायचं?

म्हणून तिने वेबसाइट करणाऱ्या उत्तराताईंना घरी बोलावलं. त्या दुपारी आल्या. पिकलेल्या केसांची बाई, चपला दारात काढताना एकीवर एक नीट ठेवणारी. आत आल्या आल्या त्यांनी माठ वाजवून बघावा तशी भिंत वाजवून बघितली.

"छान बसलंय," त्या म्हणाल्या. "कुठे अडकतं का गं?"

"अडकत नाही. तेच तर," शाल्मली म्हणाली. "मला थोडं अडकलेलं बरं वाटतं. काही अडकलं की निदान कळतं तरी."

उत्तराताई हसल्या. "नवी आई आहेस."

चहा घेता घेता त्यांनी आपली रीत सांगितली. "मी लहानापासून सुरू करते. मोठ्या पडद्याचं काय, कुणीही करेल. ओतायचं, पसरायचं. एवढुशा जागेत काय राहिलंच पाहिजे, ते आधी ठरवते. एकदा ते ठरलं की बाकीचं जागा मिळेल तसं येत जातं."

"मग आमच्याकडे काय राहणार म्हणून ठरवलंत?"

"पाळणा. सगळं गेलं तरी तो राहील."

मग त्यांनी उठून तिला घराची खालची बाजू दाखवली. भिंतीवरची फळी उचकटून उलटी केली. तिच्या पोटाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: भिंतीच्या निम्मी. जेवायच्या टेबलाखाली होतं: माणसं असतील तेवढं. खिडकीच्या चौकटीत: उजेडाच्या मानाने. शाल्मली गुडघे टेकून एकेक वाचत गेली. इतकी वर्षं गणितं सोडवली, पण उत्तर असं मांडलेलं तिने कधी बघितलं नव्हतं.

"कुठेच आकडा नाही?"

"आकडा आजच्या मापाचा असतो गं. उद्या नवी वस्तू आली की तो उघडा पडतो. अमुक एवढं असं नाही सांगायचं. कशाच्या मानाने, ते सांगायचं."

"आणि अजून आलेलंच नाही अशा कशातून कुणी बघितलं तर?"

"त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप." उत्तराताईंनी कप बशीत ठेवला. "ते काय असेल, मला ठाऊक नाही. पण बघणारा काय बघायला येईल, ते ठाऊक आहे."

शाल्मलीने शेवटी पाळण्याखाली डोकावून बघितलं. तिथे लिहिलं होतं: खोलीचा तिसरा हिस्सा.

"बाळाचा पाळणा खोलीच्या मानाने?"

"ते मला जरा जमलेलं नाही," उत्तराताई म्हणाल्या. "दुसरं काही सुचलं नाही. तुला सुचलं तर बदल. घर तुझं आहे."

त्या गेल्या आणि शाल्मलीने शिवणाच्या डब्यातली टेप काढली. पाळणा मोजला. उत्तराताईंची अक्षरं खोडून त्या जागी जाड मार्करने लिहिलं: तीन फूट. तिचा नवरा निरंजन लॅपटॉप मांडीवर घेऊन बघत होता.

"ताईंना विचारलंस का?"

"बाळ माझं आहे की ताईंचं?"

"आपलं आहे," निरंजन म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

त्यानंतर अण्णांनी फोन उघडला तेव्हा घर आक्रसलं, पण पाळणा नाही. तो दोन्ही भिंतींना घासून जेमतेम मावला, आणि बकुळ होती तेवढीच राहिली. भिंतीचा पोपडा पडला. आजवर पहिल्यांदाच. शाल्मलीने तो केरात भरला आणि किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला. धनंजयच्या टीव्हीवर घर पसरलं तेव्हा मात्र पाळणा मैदानात विसरलेल्या डबीसारखा दिसू लागला.

"वहिनी, बकू कुठाय?" धनंजय विचारत राहिला. "मला नुसती फरशी दिसतेय. फरशी छान आहे तुमची."

"आहे ती. नीट बघ."

"बघतोय गं. मोठ्ठी फरशी आहे."

अण्णांच्या पंच्याहत्तरीला धनंजयने घड्याळ पाठवलं. वेळ दाखवणारं, नाडी मोजणारं आणि सगळं जग बघता येणारं. अण्णांनी ते सकाळी मनगटाला बांधलं, तेव्हा शाल्मलीने बकुळला तेल लावून, न्हाऊमाखू घालून, काजळ घालून नुकतंच पाळण्यात ठेवलं होतं. उजव्या हाताच्या बोटावर काजळ तसंच होतं. तळवे तेलाने मऊ झालेले.

घर लहान व्हायला लागलं. इतकं लहान ते कधीच झालं नव्हतं, आणि तरी तिला बघत राहावंसं वाटलं. स्वयंपाकघर घडी होऊन हॉलच्या एका कप्प्यात गेलं. टेबल माणसं दोनच आहेत हे बघून पाटाएवढं झालं. खिडकी उजेडाची एक तिरीप धरून राहिली. निरंजन लॅपटॉपसकट फळीवरच्या पुस्तकासारखा कडेने उभा राहिला आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. फोटोतली वऱ्हाडी मंडळी एकेक करून चौकटीबाहेर गेली, नवरानवरी तेवढे राहिले. घर सुपारीएवढं गोल झालं. शाल्मली मुंगीएवढी झाली. प्रत्येक गोष्टीला जागा मिळाली.

पाळण्याला मिळाली नाही. तो तीन फुटांचा होता. भिंत फोडून तो बाहेर गेला आणि रस्त्याच्या वर, तिसऱ्या मजल्याच्या उंचीला, एका दांडीवर अधांतरी लोंबकळू लागला. त्यात बकुळ आपल्या पुऱ्या आकाराची, जहाजाएवढी, मजेत पाय झाडत होती. प्रत्येक लाथेबरोबर दांडी करकरत होती.

"सूनबाई, हे भारी आहे हं!" अण्णांचा आवाज आभाळातून आल्यासारखा आला. "सगळं घर मनगटावर!"

"अण्णा, घड्याळ काढा! आधी काढा!"

"काढलं. आता ते टेबलावरून बघतंय."

"पालथं घाला!"

"थांब, चष्मा कुठे ठेवला मी..."

निरंजनने उत्तराताईंना फोन लावला आणि तो शाल्मलीच्या कानाशी धरला. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"कुणी आकडा दिलाय?" उत्तराताईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"मी."

"पूस."

"मार्करने लिहिलाय, पक्क्या!"

"मग जोर लावून पूस."

शाल्मली फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून दांडीवरून सरपटत पाळण्याच्या पोटाखाली गेली. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर थांबवून वर बघत होतं. आकडा तिच्याहून उंच होता. तिने दोन्ही तळवे त्याच्यावर टेकले आणि घासू लागली. बकुळच्या अंगाचं तेल तळव्यांत मुरलेलं होतं, त्याने शाई सुटू लागली. काळे ओघळ तिच्या कोपरांवरून खाली गेले. आधी फूट गेलं, मग तीन गेलं. लाकूड कोरं झालं आणि पाळणा गदगदा हलायला लागला. माप नाही म्हटल्यावर कुठल्या आकाराचं व्हावं हे त्याला कळेना.

"आता काय लिहू? ताई, काय लिहू?"

"ते मला तेव्हाही सुचलं नव्हतं," उत्तराताई म्हणाल्या. "तू सांग. कशाच्या मानाने?"

बोटावर काजळ होतं. शाल्मलीने विचार केला नाही. तिने लिहिलं: आईच्या हाताएवढा.

पाळणा परत आला. भिंतीचं भोक त्याच्यामागे हळूच मिटलं. तो तिच्या पसरलेल्या तळहातावर बरोबर मावला, आणि त्यात बकुळ तिच्यापुरती, तळव्यात घ्यायचं बाळ जेवढं असतं तेवढी, जांभई देत होती.

"दिसली!" अण्णा वरून ओरडले. "चष्म्याशिवाय दिसतेय बघ! हसतेय!"

"ऐकलंत का ताई?" शाल्मली फोनमध्ये म्हणाली. "दिसली म्हणतात."

"ऐकलं," उत्तराताई म्हणाल्या. "हे माझ्याहून बरं लिहिलंस." मग त्यांच्याकडे पुन्हा शिट्टी झाली आणि त्यांनी फोन ठेवला.

अण्णांनी घड्याळ पालथं घातलं. घर फुगायला लागलं, हॉलच्या कप्प्यातून ओटा बाहेर आला, खिडकीतून सकाळचं ऊन आलं. निरंजन सरळ झाला. मग सगळं अर्ध्यावर थांबलं.

"आता कोण बघतंय?" शाल्मलीने विचारलं.

निरंजनने फोन बघितला, लॅपटॉप बघितला. "कुणी नाही. धनंजयकडे अजून सगळे झोपलेत."

पण कुणीतरी बघत होतं, कारण घर पुन्हा मांडलं जाऊ लागलं. यावेळी लहान नाही आणि मोठंही नाही. बघणाऱ्याच्या वस्तूला रुंदी नव्हती, उंची नव्हती, कडाच नव्हत्या. शाल्मलीला जिची धास्ती होती ती अजून न आलेली वस्तू हीच, हे तिला कळलं. भिंती पाहुण्यांसारख्या निघाल्या, आधी बाहेरच्या, मग आतल्या, घाई न करता. छत गेलं. फळी गेली, टेबल गेलं, फोटोतले नवरानवरी गेले. काही फाटलं नाही, काही पडलं नाही. घाबरलेली असूनही तिला वाटलं, ही वस्तू कुणी बघितलेलीसुद्धा नाही आणि उत्तराताईंनी तिच्यासाठी आधीच जागा करून ठेवली होती.

"मी जरा नंतर येतो," निरंजन म्हणाला आणि कडेने मिटत गेला.

उजेड तेवढा राहिला. त्यात पाळणा, पाळण्यात झोपलेली बकुळ, आणि पाळण्याखाली शाल्मलीचा पसरलेला हात.

"आई," कुणीतरी म्हणालं.

आवाज म्हातारीचा होता. थोडा घोगरा, दमलेला. शाल्मलीने तो कधी ऐकला नव्हता, पण रात्री-बेरात्री कितीही गाढ झोपेतून जिच्या हुंकाराने तिला जाग येते, तिचाच तो होता. पाळण्यातली बकुळ झोपेत ओठ हलवत होती.

"बोल," शाल्मली म्हणाली.

"आई, जरा बाजूला हो ना गं. मला मी दिसत नाहीये."

शाल्मलीने हाताकडे बघितलं. हात काढला तर पाळण्याला माप राहणार नव्हतं. तिने तो काढला नाही. ती एक पाऊल बाजूला सरली. हात पाळण्याखाली होता तिथेच राहिला आणि खांद्यापासून तेवढा लांब झाला.

"अजून थोडं," आवाज म्हणाला.

ती आणखी सरली.